मेमॉयर ’४४: ओव्हररन, कडेवरची नजर आणि अडलेली माघार

फासेवाला (प्रश्न)

मेमॉयर ’४४ हा दुसऱ्या महायुद्धावरचा, हेक्सच्या (षटकोनी घरांच्या) पटावरचा खेळ खेळतोय. मूळ खोक्यातलेच नॉर्मंडीचे प्रसंग, एक्स्पान्शन (जोडखोकं) काही नाही. एकाच डावात तीन ठिकाणी घोडं अडलंय.

१) दोस्तांचा रणगाडा दोन हेक्स चालून जंगलातल्या जर्मन पायदळाला भिडला. जंगलामुळे तीनऐवजी एकच फासा, त्यावर झेंडा (म्हणजे माघार) पडला आणि पायदळ मागे गेलं. रणगाडा रिकाम्या झालेल्या जंगलात घुसवला. आता ओव्हररन, म्हणजे पुढे घुसलेल्या रणगाड्याला मिळणारा दुसरा हल्ला, मिळतो का?

२) शत्रू दोन हेक्सवर, पण सरळ रांगेत नाही. नजरेची रेषा दोन हेक्सच्या सामाईक कडेवरून जाते. एकात गाव, दुसरा मोकळा. दिसतो की नाही?

३) पायदळावर दोन झेंडे. मागच्या दोन हेक्सपैकी एकात स्वतःचीच तोफ, दुसऱ्यात नदी. आडवं सरकून वाचता येतं का?

हेक्सकर

पहिल्याचं उत्तर: घुसायला हरकत नाही, दुसरा हल्ला मात्र नाही. जंगलात शिरलेली तुकडी त्याच खेळीत लढू शकत नाही, आणि टेक ग्राउंड करून (शत्रूचा रिकामा झालेला हेक्स बळकावून) शिरणं हेही शिरणंच. गाव आणि हेजरो (झुडपांचे बांध) यांनाही हेच लागू. मोकळ्या जागी किंवा टेकडीवर घुसला असता तर ओव्हररन मिळाला असता. तोही खेळीत एकदाच: दुसऱ्या हल्ल्यातही जवळच्या शत्रूचा हेक्स रिकामा झाला तर रणगाडा परत पुढे सरकेल, पण तिसऱ्यांदा लढणार नाही.

त्याआधी चालून आलेले दोन हेक्स इथे मोजायचे नाहीत. तीन हेक्स चालून आलेला रणगाडासुद्धा टेक ग्राउंड करतो. पायदळही करतं, फक्त त्याला दुसरा हल्ला नाही. तोफ करत नाही.

तिसऱ्याचं उत्तर: तुकडीतल्या दोन सोंगट्या काढा. माघार म्हणजे स्वतःच्या काठाकडेच, आडवं किंवा पुढे नाही. दर झेंड्याला एक हेक्स, आणि जो हेक्स मागे जाता येत नाही त्याच्यामागे एक सोंगटी. आपलीच तोफ असली तरी वाट बंदच. नदीच्या त्या हेक्सवर पूल असता तर चाललं असतं. दोनांपैकी कुठल्या हेक्समध्ये जायचं हे माघार घेणारा ठरवतो, हल्ला करणारा नाही. यावरून फार भांडणं होतात.

आणखी एक: माघारीला जंगल, गाव आडवं येत नाही. चालताना जंगलात थांबावं लागतं, पळताना नाही.

टेहळणी

दुसऱ्या प्रश्नावर: दिसतो. रेषा कडेवरून जात असेल तर दोन्ही बाजूंना अडथळा असल्याशिवाय नजर अडत नाही. एकीकडे गाव आणि दुसरीकडे मोकळं म्हणजे मारा वैध. मोकळ्या हेक्समध्ये तुमचीच एखादी तुकडी उभी असती तर मात्र बंद, कारण आपली तुकडीही अडथळाच.

मूळ खोक्यापुरतं बोलायचं तर कडेचा प्रश्न प्रत्यक्षात फक्त दोन हेक्सच्या तिरक्या अंतरावर येतो. तीन हेक्सवर रेषा सरळ असो वा तिरकी, मधल्या दोन हेक्सच्या पोटातूनच जाते. दोनांपैकी एकातही अडथळा असला की दिसत नाही. चार हेक्सवर पुन्हा कड येते, पण तिथवर मारा फक्त तोफेचा, आणि तोफेला नजर लागतच नाही. म्हणून दोरा ताणायची वेळ क्वचितच येते. ताणलाच तर हेक्सच्या मध्यापासून मध्यापर्यंत, सोंगट्या कुठे ठेवल्यात ते बघू नका.

ज्या हेक्समधून मारता आणि ज्यावर मारता त्या दोन्हींतली झाडं-घरं नजर अडवत नाहीत. ज्यावर मारता त्यातली फक्त फासे कमी करतात.

गडगा

हेक्सकरांनी हेजरोचं नाव घेतलं म्हणून. त्यात फक्त लगतच्या हेक्समधून शिरता येतं, आणि बाहेर पडलं की पहिल्याच हेक्सवर थांबायचं. नवख्यांना हा नियम जाचक वाटतो, पण तो उगाच नाही. नॉर्मंडीतलं बोकाज म्हणजे आपल्या शेताचा बांधच, पण उंच, मातीचा, आत मुळांचं जाळं आणि वर दाट झुडपं. त्यावर चढणाऱ्या रणगाड्याचं पातळ पत्र्याचं पोट समोर उघडं पडायचं आणि तोफेचं तोंड आभाळाकडे. शेवटी अमेरिकनांनी बांध फोडायला रणगाड्यांच्या नाकाला पोलादी दात वेल्ड केले आणि २५ जुलै १९४४ ला ऑपरेशन कोब्रा सुरू होईपर्यंत असे बरेच रणगाडे तयार ठेवले. गंमत म्हणजे त्या दातांचं पोलाद जर्मनांनीच किनाऱ्यावर रोवलेल्या अडथळ्यांचं होतं. खेळात त्याच अडथळ्यांमध्ये (हेजहॉग) रणगाड्याला शिरताच येत नाही.

गावातल्या पायदळापुढे वाळूची पोती असतील तर दोन्हींचे फासे वजा करा, म्हणजे रणगाड्याला शून्य.

हेक्सकर

शेवटचं वाक्य चुकलं. आडोशांची बेरीज होत नाही, जास्त संरक्षण देणारा एकच धरायचा. गावावर रणगाड्याचे दोन फासे कमी, पोत्यांवर एक, म्हणून दोनच कमी करून एक फासा टाकायचा. पोत्यांचा खरा उपयोग पहिला झेंडा धुडकावण्यात आहे. तुकडी हलली की पोती पटावरून काढा, मागे आलेल्याला ती वापरता येत नाहीत.

गडगा

बरोबर, माझं चुकलं.

फासेवाला

मग गावात दडलेल्या पायदळाला काढायचं कसं? रणगाड्याचा एकेक फासा टाकून डाव संपतो.

टेहळणी

तोफ. तिचे फासे गाव, जंगल, पोती, टेकडी यांपैकी कशानेच कमी होत नाहीत: एक-दोन हेक्सवर ३, तीन-चारवर २, पाच-सहावर १. पायदळावर प्रत्येक फासा अर्ध्या वेळा लागतो, कारण सहापैकी दोन बाजू पायदळाच्या आणि एक ग्रेनेडची. म्हणजे चार हेक्सवरून दर खेळीला सरासरी एक सोंगटी, तर रणगाड्याच्या एका फाशाने सरासरी अर्धी. फक्त तोफ एक तर हलते किंवा मारते, दोन्ही नाही. तेव्हा पहिल्या एक-दोन पत्त्यांतच तिला जागेवर आणून ठेवा.

आणि सोंगट्या कमी झाल्या म्हणून फासे कमी करत असाल तर ते थांबवा. एकटा उरलेला शिपाईही लगत तीन फासेच टाकतो. अशी तुकडी मारा करायला पूर्ण ताकदीची आणि शत्रूला पदक (जिंकायचा गुण) द्यायला एका फटक्याची, म्हणून ती दुसऱ्या रांगेत ठेवून लांबून मारा करायला वापरावी.

हेक्सकर

तुमच्या डावात क्रम कसा होता तेही तपासा. पत्त्यावर हुकूम मिळालेल्या सगळ्या तुकड्या आधी हलवायच्या आणि मगच सगळ्यांचे हल्ले. एक तुकडी हलवून लढवली, तिने वाट मोकळी केली आणि त्या वाटेने दुसरी पुढे काढली, असं चालत नाही. तसं खेळलात तर हल्ला करणाऱ्याला फुकटचा रस्ता मिळतो आणि बचाव कुठल्याच प्रसंगात टिकत नाही.

फासेवाला

तसंच खेळत होतो.