नवोदय आणि उत्कृष्टबद्दल

बदलीच्या नोकरीत मुलांच्या शाळेचं काय, तर केव्ही म्हणजे केंद्रीय विद्यालय मिळालं की प्रश्नच मिटला असं काही जण म्हणतात, सिलॅबसपुरतं ठीक, पण पोरगं वर्गाच्या पुढे धावणारं असेल तर नवोदय आणि उत्कृष्टच्या फॉर्मच्या तारखा आधी बघा. आम्ही पुण्याहून इंदूरला आलो तेव्हा लेक पाचवीत, नवोदयचा (प्रवेश परीक्षेनं सहावीपासून मिळणारी सरकारी निवासी शाळा) फॉर्म पुण्याहून भरायचा विचार होता आणि मग कळलं की मूल पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतंय तिथूनच भरता येतो, वर किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, म्हणजे राहिलंच ते.

मध्य प्रदेशात जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी उत्कृष्ट विद्यालय असतं, नववीला प्रवेश परीक्षा, हे महाराष्ट्रातून येणाऱ्यांना माहीतच नसतं. फक्त हिंदीची सवय आधीपासून करा, गणितात सगळ्यांच्या पुढे असलेली आमची लेक 'लघुत्तम समापवर्त्य' वाचून रडकुंडीला आली, लसावि आहे गं तो म्हटल्यावर दोन मिनिटांत पान संपवलं!