जुना लॅपटॉप, डेबियन १२ लिनक्स: सगळी सिस्टम सोर्समधून कंपाइल करावी का? सल्ला हवा

वाळपईकर:
नमस्कार मंडळी. लॅपटॉप आय-फाइव्ह ४२१०यू, ८ जीबी रॅम, मूळचीच ५०० जीबी हार्ड डिस्क, डेबियन १२ आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. कामं तीनच: फायरफॉक्स, लिब्रेऑफिसात मराठी मजकूर, आणि शिगमो-दशावताराचे रॉ फोटो रॉथेरपी या फोटो-प्रोग्रामात. दहा-बारा टॅब उघडले की माऊससुद्धा अडखळतो. जेंटू (सोर्समधून बांधायची लिनक्स) घालून सगळं याच प्रोसेसरसाठी कंपाइल केलं, म्हणजे सोर्स कोडपासून घरीच बांधलं, तर फरक पडेल का, की नुसता कर्नल (सिस्टमचा गाभा) पुरे? पावसात इथे लाईट कधीही जाते आणि बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते, तेही धरून सांगा.

फोंडा_टर्मिनल:
कंपायलरला हात लावण्याआधी मशीन कशापायी थांबतंय ते बघा. टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट १’ (दर सेकंदाला रॅम, डिस्क, सीपीयूचे आकडे दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून नेहमीसारखं काम करा. ‘एसआय’, ‘एसओ’ हे रकाने शून्यावरून हलले की समजायचं, रॅम संपून स्वॅप (रॅममधला डेटा डिस्कवर हलवणं) सुरू झालंय. तुमच्या सीपीयूला चार थ्रेड आहेत, म्हणून ‘डब्ल्यूए’ २५ टक्के दिसला तर एक अख्खा थ्रेड डिस्कची वाट बघत बसलाय. ‘यूएस’ (प्रोग्राम चालवण्यात जाणारा सीपीयूचा वेळ) सतत ऐंशी-नव्वद असेल तरच कंपायलर बदलून काही हाती लागेल.

माऊस अडखळतो म्हणताय त्यावरून माझा संशय डिस्कवर आहे. अडीच इंची साटा एसएसडी घ्या. ती ७ मिमी जाड असते. खोबण साडेनऊची असली तर स्पेसर लावा, नाहीतर कनेक्टरवर ताण येतो. सोबत ‘झेडरॅम-टूल्स’ (रॅममध्येच दाबून ठेवलेलं स्वॅप बनवणारं पॅकेज) टाका, त्याच्या फाइलीत ‘एएलजीओ=झेडएसटीडी’, ‘पर्सेंट=५०’ लिहा, आणि ‘स्वॅपिनेस’ (स्वॅपकडे किती लवकर वळायचं तो आकडा) १८० वर न्या. हा आकडा बघून दचकू नका. कर्नल ५.८ पासून मर्यादा २०० आहे, आणि झेडरॅमचं स्वॅप रॅममध्येच असल्यामुळे ते लवकर वापरलेलंच बरं. हार्ड डिस्कवरच्या स्वॅपला मात्र हा आकडा लावू नका.

म्हापसा_बिल्ड:
फोंडा_टर्मिनल यांच्याशी सहमत. ‘मार्च=नेटिव्ह’ने (याच सीपीयूसाठी बांध, असं सांगणारा कंपायलरचा पर्याय) सगळं वेगवान होतं हा समज का फसतो, ते सांगतो. ज्या कोडला तुमच्या हॅसवेल पिढीच्या सीपीयूतल्या एव्हीएक्स-टूचा (एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) खरा फायदा असतो, तो बहुतेक आधीच त्यासाठी लिहिलेला आहे. जीलिबसीची मेमरी कॉपी, ओपनएसएसएल, एफएफएमपेग, एक्स२६४ हे सगळे चालू होताना सीपीयू ओळखून योग्य फंक्शन निवडतात. फायरफॉक्सचं तर उलटंच. मोझिला आपली बायनरी (तयार प्रोग्राम) पीजीओ (आधी चालवून बघून त्यानुसार कोड सुधारणं) आणि एलटीओ (जोडताना सगळा कोड एकत्र सुधारणं) लावून बांधते. घरी पीजीओ न लावता केलेलं बिल्ड बहुधा तिच्यापेक्षा हळूच निघेल.

तुमच्या यादीत रॉथेरपी एकटंच असं आहे, जे कंपाइल करून बघण्यासारखं आहे. नॉईज रिडक्शन, वेव्हलेट ही कामं निव्वळ आकडेमोडीची असतात आणि डेबियनची बायनरी सर्वसाधारण सीपीयूसाठी बांधलेली असते. सोर्सेस फाइलीत ‘डेब-एसआरसी’ ओळ घाला, ‘एपीटी बिल्ड-डेप रॉथेरपी’, मग ‘एपीटी सोर्स रॉथेरपी’. डेबियनचाच सोर्स घ्या, म्हणजे लायब्ररींच्या आवृत्त्या जुळतात. सीमेकला (बिल्डची तयारी करणारा प्रोग्राम) बिल्ड टाइप ‘रिलीज’, ‘प्रॉक_टार्गेट_नंबर=२’ (हाच नेटिव्हचा पर्याय) आणि इन्स्टॉलची जागा घरच्या फोल्डरात द्या, म्हणजे पॅकेजवाल्या प्रतीला धक्का लागत नाही. बांधताना ‘मेक -जे२’ (एका वेळी दोन कामं) पुरे. नंतर एकच फोटो, एकच प्रोफाइल घेऊन ‘टाइम रॉथेरपी-सीएलआय’ दोन्ही प्रतींवर चालवा. फरक दिसला नाही तर नवीन प्रत काढून टाका.

पेडणे_रूट:
कर्नलबद्दल. डेबियन १२ च्या कर्नलात ‘प्रीएम्प्ट डायनॅमिक’ (चालू काम थांबवून तातडीच्या कामाला किती वाट द्यायची ते बूट करताना ठरवायची सोय) आहेच. ग्रबच्या (कर्नल सुरू करणारा प्रोग्राम) ओळीत ‘प्रीएम्प्ट=फुल’ लिहून ‘अपडेट-ग्रब’ करा, कंपाइल न करता तेवढं मिळतं.

तरी बांधायचाच असेल तर ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणी लोड झालेलेच ड्रायव्हर ठेवतो. आधी प्रिंटर, पेनड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड, मोबाइलचं यूएसबी टेदरिंग सगळं एकदा जोडून घ्या. नाहीतर नवा कर्नल छान चालू होतो, आणि आठवड्याने कार्ड घातलं की ते वाचायला लागणारा एक्सफॅट ड्रायव्हर नाही. डीबग इन्फो बंद करा, नाहीतर बिल्ड २० जीबीच्या वर जातं. सर्टिफिकेट सापडत नाही म्हणून अडलं तर ‘सिस्टम_ट्रस्टेड_कीज’ रिकामं ठेवा. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला कर्नल उठणार नाही. जुना कर्नल काढू नका.

सांखळी_पोर्टेज:
जेंटूची बाजूही मांडतो. तिची खरी ताकद यूज फ्लॅगमध्ये (पॅकेजातली कुठली सोय हवी-नको ते सांगणारे पर्याय) आहे. जे नको ते बांधलंच जात नाही, आणि मराठी पॅक हवा तर ‘एल१०एन’मध्ये ‘एमआर’ लिहिलं की झालं. वेगासाठी मात्र जेंटू निवडू नका.

घालायचीच असेल तर सगळं घरी बांधायची गरज उरलेली नाही. डिसेंबर २०२३ पासून जेंटूचा अधिकृत बायनरी साठा आहे, त्यात एक्स८६-६४-व्ही३ चीही (एव्हीएक्स-टू असलेल्या सीपीयूंसाठी बांधलेली) पॅकेजेस मिळतात आणि तुमचा आय-फाइव्ह त्यात बसतो. (हॅसवेल पेंटियम-सेलेरॉनवाल्यांनी हे करू नये, त्यांत एव्हीएक्स-टू नाही.) फक्त फ्लॅग बदललेली पॅकेजेस घरी बांधा. दर जॉबला २ जीबी रॅम धरा. ब्राउझर उघडा असेल तर तुमच्याकडे ‘-जे२’च. ‘किल्ड सिग्नल… सीसी१प्लस’ असं दिसलं तर चूक कोडची नसते, रॅम संपलेली असते. क्यूटी-वेबइंजिन, एलएलव्हीएम, रस्ट ही अवाढव्य पॅकेजेस या लॅपटॉपवर बांधायला जाऊच नका. दुसऱ्या दणकट पीसीवर बांधणार असाल तर ‘नेटिव्ह’ऐवजी ‘मार्च=हॅसवेल’ लिहा, नाहीतर इथे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्राम आडवा होईल.

वाळपईकर:
देव बरें करूं. व्हीएमस्टॅट बघितलं: टॅब वाढले की ‘एसओ’ उसळतो, ‘डब्ल्यूए’ चाळीसच्या आसपास, ‘यूएस’ वीसही नाही. एसएसडी आणि झेडरॅम ठरलं. त्यानंतर फक्त रॉथेरपी. ते बांधताना मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून का?

म्हापसा_बिल्ड:
नाही, मेक जिथे थांबला तिथून पुढे जातो. लाईट गेली की बॅटरी संपायची वाट न बघता कंट्रोल-सी दाबा. असं थांबवलं तर अर्धवट लिहिलेली फाइल मेक स्वतः पुसतो. मशीन एकाएकी बंद पडलं तर ते होत नाही. शून्य आकाराची ‘.ओ’ फाइल (कंपाइल झालेला तुकडा) मागे राहू शकते, तिची तारीख ताजी असल्यामुळे मेक तिला तयार समजतो, आणि शेवटी लिंकर (तुकडे जोडणारा प्रोग्राम) ती फाइल ओळखू येत नाही म्हणून अडतो. तेव्हा ‘फाइंड . -नेम "*.ओ" -साइज ० -डिलीट’ करून परत मेक द्या. त्यानेही लिंकर ऐकला नाही तर ‘मेक क्लीन’ करा.

लॅपटॉपखाली हवा खेळती ठेवा आणि ‘सेन्सर्स’वर नजर असू द्या. नव्वदच्या वर तापमान टिकलं तर ‘-जे१’ वर या आणि पंख्यातली धूळ काढा. लाईट गेल्यावर चार्जर सॉकेटातून काढा. परत येताना व्होल्टेज उसळतं, म्हणून पाचेक मिनिटांनी लावा.