‘रश अवर’ (१९९८) : समीक्षकांनी नेमके काय तोलले?

चित्रवेडा यांचा प्रश्न :

ब्रेट रॅटनर दिग्दर्शित ‘रश अवर’ मी शाळेत असताना केबलवर हिंदीतून पाहिला होता आणि गेल्या आठवड्यात तो प्रथमच मूळ इंग्रजीतून पाहिला. हाँगकाँगचा पोलीस निरीक्षक ली (जॅकी चॅन) आणि लॉस एंजेलिसचा बडबड्या पोलीस कार्टर (क्रिस टकर) हे दोघे चिनी वाणिज्यदूताच्या पळवून नेलेल्या मुलीचा शोध घेतात, एवढीच कथा. त्यानंतर त्या काळची परीक्षणे शोधून वाचली आणि गोंधळ वाढला. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले होते आणि सुमारे ३.३ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरातून २४ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. याउलट चॅन यांच्या हाँगकाँगमधील चित्रपटांचे जे जुने चाहते आहेत, त्यांच्या लेखी हा चित्रपट दुय्यम ठरतो, आणि स्वतः चॅन यांनीही त्याविषयीची नाराजी पुढे अनेकदा बोलून दाखवली आहे. एकाच कलाकृतीबद्दल इतकी तफावत का पडावी? आणि वंशावरून केलेल्या विनोदाचे काय करायचे?

तालीमघर यांचा प्रतिसाद :

तफावत पडली, कारण दोन्ही बाजूंच्या हातांतले मापच वेगळे होते. अमेरिकी समीक्षकांपुढे एकमेकांशी न पटणाऱ्या दोन पोलिसांच्या चित्रपटांची मोठी परंपरा होती आणि त्या मापाने पाहिले तर ‘रश अवर’ हा नीटनेटका, खेळकर आणि कुठेही न रेंगाळणारा चित्रपट आहे. जुने चाहते मात्र १९८५ च्या ‘पोलीस स्टोरी’चे माप घेऊन आले होते, ज्यात चॅन दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून मॉलच्या तळापर्यंत घसरत येतात आणि तीच उडी वेगवेगळ्या कोनांतून आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवली जाते. ‘रश अवर’च्या शेवटीही ते उंचावरून कापडाच्या पट्ट्यावर घसरत खाली येतात, पण तिथे तो प्रसंग पटकन उरकला जातो. हाँगकाँगमध्ये एका मारामारीसाठी चॅन कित्येक दिवस घेत असत, तर हॉलीवूडमध्ये विम्याच्या अटी आणि ठरलेले वेळापत्रक यांतून ती मोकळीक त्यांना मिळत नसे. ‘बॅटल क्रीक ब्रॉल’ (१९८०) आणि ‘द प्रोटेक्टर’ (१९८५) या त्यांच्या आधीच्या अमेरिकी प्रयत्नांना यश आले नव्हते, त्यामुळे या वेळी निर्मात्यांनी टकर यांच्या जिभेवर अधिक भिस्त ठेवली असावी, असे मला वाटते.

तरीही एक प्रसंग चाहत्यांनी पुन्हा पाहावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. चिनी कलावस्तूंच्या प्रदर्शनात ली गुंडांशी झुंजत असतो आणि त्याच वेळी भल्यामोठ्या पुरातन फुलदाण्या फुटू नयेत म्हणून जिवाचा आटापिटा करत असतो. एका हाताने ठोसा अडवायचा, दुसऱ्याने कलंडणारी फुलदाणी सावरायची, पायाने तिसरी तोलून धरायची. अखेर एक फुलदाणी सुखरूप उभी राहते, लीच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटतो आणि तेवढ्यात सुटलेल्या गोळीने तिचा चक्काचूर होतो. मारामारीतून माणसाचा स्वभाव दाखवण्याची चॅन यांची खरी कला इथे पूर्णपणे शाबूत आहे.

संवादिनी यांचा प्रतिसाद :

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहिते. आपण चित्रपट आधी हिंदीतून पाहिलात, हे इथे महत्त्वाचे ठरते, कारण हिंदीत दोघेही सारखीच सफाईदार भाषा बोलू लागले की उच्चारांवरचा सगळा विनोद, त्यातले बोचरेपण आणि त्याला मिळालेले उत्तर, असे तिन्ही एकदम नाहीसे होते. मूळ चित्रपटात कार्टर विमानतळावर लीला इंग्रजी येत नाही असे गृहीत धरून त्याच्यावर ओरडतो, हॉलीवूडमधील चायनीज थिएटरपुढे नेऊन ‘अगदी तुमच्या घरासारखे दिसते ना’ असे विचारतो, आणि ली मुकाट्याने ऐकून घेतो. पुढे त्याला उत्तम इंग्रजी येते हे उघड झाल्यावर तो शांतपणे सांगतो की, मला येत नाही असे मी कधी म्हटलेच नव्हते. हसू तिथे कार्टरच्या अज्ञानाचे होते, लीच्या उच्चाराचे नव्हे.

मात्र सगळे विनोद असे नाहीत. कृष्णवर्णीयांच्या अड्ड्यावर ली कार्टरचे, कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द असलेले अभिवादन अजाणता जसेच्या तसे उच्चारतो आणि हाणामारी उसळते, तो प्रसंग मला तेव्हाही खटकला होता आणि आजही खटकतो, कारण तिथे एका समाजाची जखम केवळ मारामारी सुरू करण्याचे निमित्त म्हणून वापरली आहे. हे दोन्ही प्रसंग एकाच तागडीत टाकून संपूर्ण चित्रपटाला वंशवादी किंवा निर्दोष ठरवणारे परीक्षण मला अपुरे वाटते.

कृष्णधवल यांचा प्रतिसाद :

एक माहिती जोडतो, कारण ती याच विषयाच्या पोटातली आहे. आज चित्रपटाला किती टक्के समीक्षकांची पसंती मिळाली हे सांगणारे ‘रॉटन टोमॅटोज’ हे संकेतस्थळ सेन दुओंग यांनी १९९८ च्या ऑगस्टमध्ये सुरू केले, ते मुळात ‘रश अवर’साठीच. चॅन यांचे चाहते असलेले दुओंग त्यांच्या चित्रपटांची परीक्षणे गोळा करत असत. ‘रश अवर’चे प्रदर्शन सप्टेंबरवर ढकलले गेल्यामुळे संकेतस्थळाचा आरंभ मात्र दुसऱ्याच चित्रपटाने झाला. पुढे त्याच ठिकाणी ‘रश अवर’ला दहांपैकी जेमतेम सहा अनुकूल परीक्षणे मिळाली आणि २००७ च्या तिसऱ्या भागाला दोनही मिळाली नाहीत. अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोनच खान्यांत परीक्षणे टाकणारी ही पद्धत फुलदाण्यांचा प्रसंग आणि अड्ड्यावरचा प्रसंग यांतला फरक सांगू शकत नाही.

चित्रवेडा :

आपणा तिघांचे आभार. संवादिनी यांच्या प्रतिसादानंतर काल रात्री चिनी उपाहारगृहाबाहेर पाळत ठेवतानाचा प्रसंग पुन्हा पाहिला. कार्टर लीला ‘वॉर’ या गाण्याचा ठसकेबाज उच्चार आणि नाचाची पावले शिकवतो, आणि ली त्याला समोरच्याच्या हातातले पिस्तूल हिसकावण्याची युक्ती शिकवतो. दोघेही शिकणारे आणि दोघेही शिकवणारे. मी वाचलेल्या परीक्षणांपैकी एकाही परीक्षणात या प्रसंगावर दोन ओळींपलीकडे काही नव्हते, आणि हिंदीतून पाहताना तो माझ्याही नजरेतून निसटला होता.