ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर जाऊन अडकतंय, कार्ड गेलं का?

सावजीप्रेमी
मुक्काम नागपूर. आरटीएक्स ३०६०, २०२१ च्या शेवटी घेतलेलं. जानेवारीत गेम कितीही वेळ चालू दे, ७१-७२ च्या वर जात नव्हतं. आता पंधरा मिनिटांत ८३, मग तिथंच ठाण. वर जात नाही, पण फ्रेम सेकंदाला ७० वरून ५५ वर येतात आणि पंखे असे ओरडतात की बाबा विचारतात, मिक्सर कोणी लावला. बाहेर ४४, खोलीत ३६. दुकानदार म्हणतो, कार्ड संपलं, नवीन घ्या.

जुनाजाणता
संपलं-बिलं काही नाही भाऊ. या कार्डाची कमाल मर्यादा ९३ आहे. ८३ हे त्याचं ठरलेलं लक्ष्य. तिथं पोचलं की ते स्वतःच क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, उतरवतं. म्हणून आकडा थांबतो आणि फ्रेम पडतात. जानेवारीत खोली २१ असेल, आता ३६. हे पंधरा अंश कार्डात जवळपास जसेच्या तसे येतात.
पण एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हॉटस्पॉट, म्हणजे चिपचा सगळ्यात तापलेला बिंदू, किती दिसतो ते सांगा. खरी गोम तिथं कळेल.

लालबावटा
माझं एएमडीचं आरएक्स ५७०० एक्सटी कार्ड १०५ दाखवतं, मजेत चाललंय.

जुनाजाणता
तो जंक्शनचा आकडा, म्हणजे एएमडीचा हॉटस्पॉट. एएमडीने २०१९ मध्येच सांगितलंय की ११० पर्यंत चालतं. कोअरच्या, म्हणजे चिपच्या नेहमीच्या तापमानाच्या, ८३ शी त्याची तुलना नको.

सावजीप्रेमी
कोअर ८३, हॉटस्पॉट १०४.

जुनाजाणता
२१ चा फरक! १० ते १५ असता तर गप्प बसलो असतो. चिपची उष्णता हीटसिंकच्या धातूकडे नेणारी पेस्ट वाळली असणार. आधी धूळ काढा, पण हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मग वॉरंटी संपलीय ना बघून कार्ड उघडा. चिप उघडीच असते, पेस्ट पूर्ण चिपभर पसरायची. मेमरी चिपांवरचे उष्णता वाहणारे मऊ पॅड फाडू नका, मी एकदा फाडलेत. तोवर पॉवर लिमिट, म्हणजे कार्डाची वीज ओढायची मर्यादा, ८० टक्के ठेवा, दोन-चार फ्रेम जातील फक्त.

सावजीप्रेमी
रविवारी उघडलं. कॅबिनेट खोलीतल्या पाण्याच्या कूलरसमोर असतं, त्या दमट हवेत धूळ हीटसिंकवर अशी बसलेली की पापडासारखी सोलून निघाली. पेस्ट खडूसारखी. आता ७६ आणि ८९, खोली तीच ३६. कूलर मात्र तिथंच आहे, खोलीला दुसरी खिडकी नाही.