विनाअनुदानित कॉलेजात मास्तरकी: तुमचे अनुभव सांगा

जुना_मेकॅनिकल
परवा दुपारी जेवायला बसलो आणि फोन. मुलाचा सीईटीचा निकाल लागल्यापासून दिवसाला सात-आठ येतात, नंबर कुठून मिळतो देव जाणे (देव कशाला, मलाच माहितीय). "सर, मी अमुक इन्स्टिट्यूटमधून प्रोफेसर बोलतेय, ॲडमिशनचं काय ठरलं?" मागे पंखा खडखडत होता आणि अजून दोन-तीन बायका हेच वाक्य बोलत होत्या. नेहमीसारखा कट करणार होतो पण तोंडातून निघून गेलं, मॅडम, टार्गेट किती दिलंय? ती गप्प. मग हळूच म्हणाली, "दहा सर. तीन झालेत."

जेवण तसंच राहिलं. 2009 ते 2016 मी त्याच पंख्याखाली होतो. सात वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकवलं म्हणतो मी सगळ्यांना, पण खरं तर मे-जूनमध्ये बाइकच्या डिकीत पत्रकं घेऊन तालुक्या-तालुक्याची बारावीची कॉलेजं पालथी घालायचो. प्राचार्यांना पेढ्याचा बॉक्स, शिपायाला चहा, मग वर्गात दहा मिनिटं. पहिली पाच मिनिटं "करिअर गायडन्स", उरलेल्यात आमचं कॉलेज. क्लासवाल्यांचं पाकीट वेगळं, ते आमच्या हातून जायचं नाही.

एका पोराचा ऑप्शन फॉर्म मीच भरला, आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, कारण गावात लाईट नव्हती. एक नंबरला आमचं कॉलेज टाकलं. मार्क बघता त्याला सरकारी कॉलेज लागलं असतं की नाही माहीत नाही, पण मी टाकूनच बघितलं नाही. निघताना म्हणाला, सर तुम्हीच शिकवणार ना आम्हाला? हो म्हणालो. पुढच्या जानेवारीत मी नोकरी सोडली.

तर असं. तुमच्यापैकी कोणी खाजगी कॉलेजात काढली असतील वर्षं तर लिहा. कॉलेजची नावं नकोत.

सुप्रिया_के
दहा म्हणजे निवांत आहे की 😄 आम्हाला पंधरा होतं आणि झालं नाही तर दिवाळीची सुट्टी कट.
बाकी कमिटी व्हिजिटवर, म्हणजे मान्यतेसाठी कॉलेज तपासायला येतात त्यावर, कोणी लिहिलंच नाही अजून. आमच्याकडे आदल्या रात्री संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून टेम्पोने मशिनं आणि पुस्तकं यायची. पुस्तकांवर तिकडचा शिक्का, मग आम्ही सहा जणी रात्री अकरापर्यंत लायब्ररीत बसून स्टिकर चिकटवत. एक सर होते ते फक्त त्याच दिवशी दिसायचे, कोट घालून, पीएचडी. तीन वर्षांत चारदा भेटले. चौथ्यांदा मलाच विचारलं, मॅडम आपण नवीन का?

बाइकवाला_मास्तर
टार्गेट पूर्ण केल्यावर आमच्याकडे मिक्सर मिळायचा. खोटं नाही. स्टेजवर बोलवून.

सुप्रिया_के
@बाइकवाला कुठल्या कंपनीचा?

हिशेबी
पगाराचं लिहितो. सहावा वेतन आयोग लागू केला म्हणे, बेसिक 15600 अधिक ग्रेड पे 6000, वर डीए वगैरे. बँकेत पूर्ण जमा व्हायचा, एक रुपया कमी नाही. मग पाच तारखेला अकाउंट्सच्या क्लार्ककडे रांग, खिशात कॅश, त्याच्याकडे एक शाळेची दोनशे पानी वही, नावापुढे टिक. मी महिन्याला 14000 परत द्यायचो. टॅक्स मात्र पूर्ण पगारावर माझाच, बरं का.
लोकांना वाटतं हे नुसतं पगार वाचवायला. तसं नाही. फी ठरवणारी समिती खर्च बघून फी ठरवते आणि पगार हा त्यातला सगळ्यात मोठा खर्च. म्हणजे कागदावर पगार जितका जास्त तितकी फी जास्त. दोन्हीकडून. सुप्रीम कोर्टाने 2002 च्या निकालात म्हटलंय की संस्थेच्या वाढीपुरती शिल्लक राहिली तर चालेल, नफेखोरी नको. आमच्या साहेबांची शिल्लक वाढून वाढून तिचं मंगल कार्यालय झालं, हायवेला.

तात्या_सिव्हिल
सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू लिहितो. माझा मोठा काका 1980 च्या आसपास डोनेशन भरून कर्नाटकात गेला शिकायला, त्यासाठी आजोबांनी दोन एकर विकले. 1983 ला वसंतदादांनी विनाअनुदानितला परवानगी दिली म्हणून मी पुढे घरापासून वीस किलोमीटरवर शिकलो, एसटीचा पास काढून. लॅब बोगस होती मान्य, पण सर्व्हेईंगचे एक सर होते, पगार चार महिने नाही तरी भर उन्हात थिओडोलाइट खांद्यावर घेऊन आमच्याबरोबर शेतातून हिंडायचे. आज माझा धंदा त्यांच्या जिवावर आहे. तेव्हा त्यांना पगार मिळत नाही हे आम्हाला माहीत पण नव्हतं. चहा नेहमी तेच पाजायचे राव.

जुना_मेकॅनिकल
तात्या 🙏

डॅलस_वहिनी
तुमच्याकडे निदान ट्रस्टचा पडदा तरी असतो, इथे अमेरिकेत सरळ नफ्यासाठी म्हणून कॉलेजं चालतात, काही तर शेअर बाजारात. मी 2011 ते 13 अशा एका ठिकाणी संध्याकाळी गणित शिकवत होते. इथे फोन करायला शिक्षक नाहीत लावत, त्यासाठी वेगळा भलामोठा हॉल, आमच्या स्टाफरूमपेक्षा चौपट, हेडफोन लावलेली पोरं आणि भिंतीवर आकड्यांचा बोर्ड.
नियम असा होता की सरकारी मदतीतून आलेले पैसे कॉलेजच्या उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या वर जाता कामा नयेत, उरलेले 10 बाहेरून आणा. पण माजी सैनिकांना शिक्षणासाठी मिळणारा पैसा तेव्हा त्या 90 मध्ये धरत नसत. मग काय, छावण्यांच्या बाहेर यांची माणसं उभी. ती पळवाट 2021 च्या कायद्याने बुजवली. माझ्या वर्गात एक होता, इराकहून आलेला, अपूर्णांकाची बेरीज जमायची नाही, लाजायचा, सगळे गेल्यावर विचारायचा. एकदा म्हणाला, मॅम इथले क्रेडिट्स स्टेट युनिव्हर्सिटीत चालतात ना? मला माहीत होतं बहुतेक नाही चालत. मी म्हटलं ऑफिसात विचार. हे वाक्य मला अजून टोचतं.
2016 मध्ये आयटीटी टेक ही असल्याच कॉलेजांची मोठी साखळी एका झटक्यात बंद झाली, सव्वाशेच्या वर कॅम्पस (मी तिथे नव्हते), तेव्हा तोच आठवला.
घाईत लिहिलंय, कुकर झाला.

हिशेबी
वहिनी, डॅलसला हापूस मिळतो का हो?

डॅलस_वहिनी
मिळतो. भाव विचारू नका.

अजून_आतच
आयडी बघून कळलंच असेल. बाळ झोपलंय तोवर लिहिते. पगार फेब्रुवारीपासून नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून आले नाहीत. आणि ते पूर्ण खोटंही नाही हाच वैताग आहे, 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची फी सरकार भरणार, चांगलंच आहे, पण ती रक्कम येईपर्यंत थांबायचं कोणी तर आम्ही. संस्थेची नवी फॉर्च्युनर थांबत नाही. वर शिक्षकांच्या जागाच कमी झाल्यात, पूर्वी 15 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागायचा तो 2018 मध्ये 20 मागे एक झाला, मेकॅनिकलचे निम्मे गेले. माझी ओरिजिनल मार्कशीटं त्यांच्या कपाटात आहेत. कशी काढायची कोणी सांगेल का? भांडण नकोय.

बाइकवाला_मास्तर
भांडायचं नाहीच. मी अर्ज दिला होता, गृहकर्जासाठी बँकेला ओरिजिनल दाखवायची आहेत, चार दिवसांसाठी मिळावीत. दिली. ते चार दिवस अजून चालू आहेत.

अजून_आतच
😂😂 आमचं तर घर सासऱ्यांचं आहे हे त्यांना माहितीय. पासपोर्टचं सांगू का?

सुप्रिया_के
पीएचडीच्या रजिस्ट्रेशनचं सांग. नॅकसाठी (कॉलेजला ग्रेड देतात ते) त्यांनाच हवी असते तुझी पीएचडी, हसत हसत देतील. आणि आधी सगळ्याचे कलर स्कॅन करून मेलवर टाकून ठेव. पगाराच्या स्लिपा पण. नसतील देत तर बँकेचं स्टेटमेंट.

हिशेबी
+1. आणि वहीचा फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं. मला नाही जमलं, क्लार्क वहीवर कोपर ठेवून बसायचा.

अजून_आतच
पीएचडी बेस्ट. सोमवारी अर्ज देते. उठला हा, जाते.

जुना_मेकॅनिकल
त्या मॅडमचा आज परत फोन आला. पोरगा कॉम्प्युटरच पाहिजे म्हणतो आणि त्यांच्याकडे शिल्लक सिव्हिल न मेकॅनिकल, त्यामुळे आमचं जमणार नव्हतंच. पण शेजारच्यांच्या पुतण्याला सिव्हिलच करायचंय, वडिलांचं सेंट्रिंगचं काम आहे. त्याला विचारून त्याचा नंबर दिला. चार झाले असतील तिचे.
पोराला एवढं सांगितलं, फॉर्म स्वतः भर, पासवर्ड कुणाला देऊ नको.

हिशेबी
म्हणजे सर तुम्ही अजून नोकरीतच आहात की

सुप्रिया_के
अरे तो मिक्सर कुठल्या कंपनीचा ते राहिलंच

बाइकवाला_मास्तर
नाव वाचता येत नाही आता. चटणीचं भांडं गळतं, बाकी ठीक.