मदत हवी आहे: काळा घोडा फेस्टिव्हल, मुलांचे कार्यक्रम आणि कविता

मंडळी नमस्कार, फेब्रुवारीत मुलीला घेऊन काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हलला जायचंय, ती दुसरीत आहे आणि मराठीत छोट्या छोट्या कविता करते, खरंच छान करते, म्हणून तिला खरे कवी समोर बसून ऐकायला मिळावेत अशी फार इच्छा आहे. नऊ दिवस असतो आणि एन्ट्री फ्री असते एवढं माहितीये, पण डोंबिवलीहून रोज येणं शक्य नाही, एकच दिवस जमेल. शनिवार-रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तर वीकडेला संध्याकाळी आलेलं बरं का? डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत कवितावाचन असतं तिथे एवढी लहान मुलं कंटाळतात का? आणि मुलांच्या वर्कशॉपला जागा मोजक्या असतात म्हणे, मग किती आधी जाऊन थांबावं लागतं? मुख्य म्हणजे मुलांसाठी मराठीत काही असतं का, की सगळं इंग्लिशच? तिला इंग्लिश समजतं पण गोष्टीत रमते ती मराठीतच. कोणी मुलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, सीएसएमटीहून चालत नेऊ की टॅक्सी करू तेही सांगा.