मदत हवी आहे: 'हानच्येन'ला मराठीत काय म्हणू? (एकांकिकेसाठी)

विंगेतून

नमस्कार मंडळी. एका कॉलेजच्या ग्रुपसाठी एकांकिका लिहितेय. काळ १९३९ ते १९५५, गाव शांघाय. सव्वा महिना झाला, आठव्या पानावर गाडी अडली आहे, आणि अडली आहे ती एका शब्दापाशी.

जपाननं चीनवर चाल केली तेव्हा जपान्यांच्या बाजूला गेलेल्या आपल्या माणसाला चिनी लोक 'हानच्येन' म्हणायचे. हा शब्द चिकटला की माणूस संपला. माझ्या नायिकेला तो आधी परके लोक म्हणतात, मग जुने मित्र, आणि शेवटी तिचा स्वतःचा पक्ष. तिन्ही वेळा शब्द तोच हवा आणि तिन्ही वेळा वेगळा लागायला हवा.

नायिका म्हणजे ग्वान लू. जन्म १९०७. कवयित्री, शांघायच्या डाव्या लेखकांच्या गोटातली. १९३७ च्या एका चिनी बोलपटातलं वसंताचं गाणं तिचं, ते खूप गाजलं होतं. १९३९ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या हेरखात्याचा पान हान-न्येन यानं तिला हाँगकाँगला बोलावून काम सांगितलं: शांघायला परत जा आणि ली शिछ्युनच्या घरी ऊठबस ठेव.

हा ली म्हणजे '७६ नंबर'वाला. जेसफील्ड रोडवरचा ७६ नंबरचा बंगला. आत कोठड्या, बाहेर बंदूकवाले. तिथून ली आणि दिंग मोत्सुन हे दोघं जपान्यांच्या पाठिंब्यानं स्वतंत्र गुप्त पोलीस चालवत. पळवून नेणं, हाल करणं, मारणं. दोघंही बारा गावचं पाणी प्यायलेले: आधी कम्युनिस्ट, मग चँग कै शेकच्या कुओमिंतांगच्या, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी राष्ट्रवादी पक्षाच्या, हेरखात्यात, मग जपान्यांकडे. एवढं करून लीला कम्युनिस्टांशीही चोरवाट हवी होती, उद्या पारडं फिरलं तर असावी म्हणून. ग्वान लूच्या धाकट्या बहिणीनं पूर्वी अडचणीच्या काळात लीच्या बायकोला आसरा दिला होता, त्यामुळे त्यानं आधी त्या बहिणीलाच बोलावलं. ती लांब होती, म्हणून पक्षानं हिला पाठवलं.

काम काय, तर लीच्या बायकोबरोबर खरेदीला जायचं, नाटकाला जायचं, लोकांना दिसायचं. निरोप आला की पोचवायचा. अट एकच: कुणी देशद्रोही म्हटलं तरी खुलासा करायचा नाही. तिनं ती पाळली. १९४२ पासून जपानी पैशावर चालणाऱ्या एका स्त्रियांच्या मासिकात ती संपादनाला बसली, तेही पक्षाच्याच सांगण्यावरून. ऑगस्ट १९४३ मध्ये जपान्यांनी भरवलेल्या लेखक संमेलनाला तोक्योला गेली. झालं, शिक्का पक्का.

पुढे १९४९ नंतर राज्य तिच्याच पक्षाचं आलं. आणि त्या राज्यात ती दोनदा तुरुंगात गेली, १९५५ ला आणि १९६७ ला, मिळून सुमारे दहा वर्षं. कारण पान हान-न्येनच देशद्रोही ठरला होता, मग हिच्या बाजूनं साक्ष देणार कोण? मार्च १९८२ मध्ये नाव स्वच्छ झालं. डिसेंबरात तिनं स्वतःचं आयुष्य संपवलं. (खोलीत एक मोठी प्लॅस्टिकची बाहुली सापडली. ती मी रंगमंचावर आणणार नाही. फार रडकं होतं.)

आता मदत. 'देशद्रोही' लिहून पाहिलं, ते टीव्हीवरच्या चर्चेसारखं वाटतं. 'गद्दार' सध्या इतका स्वस्त झालाय की प्रेक्षागृहात हशा पिकेल. 'सूर्याजी पिसाळ' म्हटलं की शांघाय संपलं, रायगड सुरू. 'हानच्येन' तसाच ठेवला तर प्रेक्षकाला डंख बसत नाही. काय करू?

दुसरा प्रश्न: ती हेर आहे हे प्रेक्षकाला कधी कळावं? आणि नावांचं काय करू? वांग, चँग, चेन, चौ. वाचनात आमच्याच मुलांचा गोंधळ उडाला.

पंतांचा_वाडा

उत्तम विषय. 'फितूर' का नको? नाण्यासारखा खणखणीत शब्द आहे.

विंगेतून

फितूर म्हटलं की आत राहून दरवाजा उघडणारा डोळ्यांसमोर येतो. हिचं उलट आहे. ही उघडउघड त्यांच्या गाडीत बसून जाते, सगळं गाव बघतं. कटच दिसत नाही, हाच तर तिच्या कामाचा भाग.

पंतांचा_वाडा

हे पटलं. मग बाळाजीपंत नातूंचं उदाहरण घ्या. १७ नोव्हेंबर १८१७ ला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं, तेही भरदिवसा. आमच्या आजोबांच्या तोंडी त्यांच्यासाठी 'फितूर' नसायचं. ते म्हणायचे, 'इंग्रजांना मिळाले'. एवढंच, पुढे थुंकल्यासारखा एक विराम. 'जपान्यांना मिळालेली बाई.' बघा तोंडात कसं बसतंय.

खडूस_वाचक

आपल्याकडचे विषय संपले का? चीनमधली बाई कोण बघणार?

विंगेतून

बघू कोण बघतंय ते.

चित्रलिपी

मी चिनी भाषा शिकवते, म्हणून थोडी भर. 'हान' म्हणजे चिनी लोक आणि 'च्येन' म्हणजे कपटी, नीच. पण लिहिताना त्या 'च्येन'मध्ये डाव्या बाजूला 'स्त्री'चं चिन्ह येतं, आणि हेच अक्षर व्यभिचाराच्या शब्दातही वापरतात. पुरुषाला म्हटलं तर ते राजकारण राहतं. बाईला म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थही हलतो. लीच्या घरी ऊठबस करणाऱ्या अविवाहित कवयित्रीबद्दल लोक काय बोलले असतील हे वेगळं सांगायला नको. मराठीत दोन्ही अर्थ ओढून आणणारा शब्द 'बाटलेली' आहे.

पंतांचा_वाडा

'बाटलेली' नको. त्याला धर्माचा वास येतो, नाटक भलत्याच वादात जाईल.

चित्रलिपी

वास येतो हे खरं. पण एका शेजारणीच्या तोंडी एकदा यायला काय हरकत आहे? शेजारणी शब्द निवडून बोलत नाहीत.

नावांबद्दल: खऱ्या उच्चाराच्या नादी लागू नका. जुन्या मराठी पुस्तकांत 'चुंगकिंग', 'नानकिंग', 'चँग कै शेक' असंच आहे आणि नाटकाचा काळही तोच. फक्त 'पान' हे आडनाव जपा. मराठी कानाला ते विड्याचं पान वाटतं. 'फान' करा, मूळ उच्चारालाही ते जवळ जाईल.

तिसरी_घंटा

विंगेतून, दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पस्तीस वर्षं हौशी नाटकं बसवतोय, त्या अधिकारानं सांगतो: गुपित शेवटी फोडू नका. शेवटी फोडलंत तर प्रेक्षक 'वा' म्हणतो आणि चहाला जातो. पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. मग पुढचा तासभर तिला शिव्या पडताना फक्त प्रेक्षकालाच खरं माहीत असतं आणि त्याला काही करता येत नाही. तो खुर्चीत चुळबुळायला हवा.

पण मुळात तुम्ही चंग फिंग-रूची गोष्ट का घेत नाही? आई जपानी, बाप चिनी, वय विशीचं. दिंग मोत्सुनला जाळ्यात ओढते, डिसेंबर १९३९ मध्ये फरच्या कोटांच्या दुकानात घेऊन जाते, बाहेर मारेकरी उभे. त्याला संशय येतो, तो दुकानातून धावत सुटतो, गोळ्या गाडीवर आदळतात, तो वाचतो. दोन-अडीच महिन्यांत तिला गोळ्या घालतात. नाट्य आयतं तयार आहे.

विंगेतून

आयतं आहे म्हणूनच नको. तिच्यावर सिनेमेही झाले. शिवाय फिंग-रू १९४० मध्ये मेली, त्यामुळे तिच्याबद्दल शंकेला जागाच उरली नाही, ती हुतात्मा. ग्वान लू वाचली आणि पुढची बेचाळीस वर्षं तिला उत्तरं द्यावी लागली. मला ही उत्तरं देणारी हवी आहे.

पाच मिनिटांत सांगून टाकायचं हे मात्र एकदम पटलं. आठ पानं फाडते.

सोलापुरी_चादर

आमच्या गावच्या डॉ. कोटणीसांमुळे त्या काळाबद्दल बरंच वाचलं आहे, म्हणून लिहितो. कोटणीस १९४० पासून होपेईच्या बाजूला, जपानी फळीच्या मागे कम्युनिस्टांच्या आठव्या सेनेबरोबर होते. ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले. त्या भागातल्या खेड्यांत 'दुतोंडी' गावकारभार चालायचा. जपानी ठाण्यात जाऊन सलाम ठोकणारा, धान्य पोचवणारा मुखिया रात्री तेच धान्य आठव्या सेनेला द्यायचा. कित्येक ठिकाणी त्याला तिथं बसवलेलंच कम्युनिस्टांनी असायचं. दोन्ही डगरींवर हात. गावाला ते माहीत असायचं, म्हणून त्याला कुणी बोल लावत नसे.

शांघायात अडचण ही की तिथं गावच नव्हतं. लाखोंच्या शहरात ग्वान लूचं खरं ठाऊक असणारी माणसं चार-पाच, आणि त्यांनी तोंड उघडलं तर तिचाच जीव जाणार. एखादं पात्र खेड्यातून आलेलं दाखवा, तिच्याकडे बघून चटकन ओळखणारं. तेवढाच तिलाही विसावा.

खडूस_वाचक

बरं, आता गंभीरपणे. परीक्षक हमखास विचारतील म्हणून आधीच सांगतो. तोक्योत ५ आणि ६ नोव्हेंबर १९४३ ला बृहत्तर पूर्व आशिया परिषद झाली. जपान्यांच्या पाठिंब्यावरच्या नानकिंग सरकारचा प्रमुख वांग चिंग-वेई तिथं होता आणि निरीक्षक म्हणून आपले नेताजीही होते. त्याच महिन्यात नेताजी नानकिंगलाही गेले. मग वांग तेवढा हानच्येन का?

पंतांचा_वाडा

कारण जपानी सैन्य वांगच्या देशात घुसलं होतं, आपल्या मुख्य भूमीवर नाही. बंगालच्या माणसाला १९४३ मध्ये शत्रू कोण दिसत होता ते बघा, आणि नानकिंगच्या माणसाला जपान्यांनी तिथं केलेल्या १९३७ च्या कत्तलीनंतर कोण दिसत होता ते बघा.

बाकी वांग हे प्रकरण साधं नाहीच. १९१० मध्ये मांचू राजप्रतिनिधीला बाँबनं उडवायला निघालेला क्रांतिकारक, चिनी प्रजासत्ताकाचा जनक सुन यत-सेन याच्या मृत्युपत्राचा मसुदा करणारा. डिसेंबर १९३८ मध्ये चँगच्या युद्धकाळातल्या राजधानीतून, चुंगकिंगहून, निसटून हनोईला गेला. मार्च १९३९ मध्ये चँगच्या मारेकऱ्यांनी त्याच्यावर हल्ला केला, तर मेला त्याचा सचिव. वर्षभरानं, ३० मार्च १९४० ला, त्यानं नानकिंगला सरकार थाटलं. चेन कुंग-पो आणि चौ फो-हाय हे त्याचे दोन खांब १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या अधिवेशनाला प्रतिनिधी होते! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण यांच्यासाठीच केली असावी.

तिसरी_घंटा

पंत, नाटक पन्नास मिनिटांचं आहे. वांगला फोटोत ठेवा, भिंतीवर.

चित्रलिपी

चौ फो-हाय मात्र हवा. तो नानकिंगचा अर्थमंत्री आणि १९४१ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या बँकेचा प्रमुख. आणि आतून चुंगकिंगच्या हेरखात्याशी बिनतारी संधान बांधून बसलेला. त्याला १९४६ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती चँगनं जन्मठेपेवर आणली आणि तो १९४८ मध्ये तुरुंगात मेला. चेन कुंग-पोच्या मागे असं कुणी नव्हतं, त्याला जून १९४६ मध्ये गोळ्या घातल्या. म्हणजे प्रश्न कुणाला मिळालात एवढाच नव्हता. कुणी तुमची दखल घेतली होती का, हाही होता.

नोटांचा प्रसंग घ्या, तो प्रेक्षकाला लगेच कळेल. १९४२ मध्ये जुन्या दोन नोटा द्या आणि नानकिंगची एक घ्या, अशी सक्ती झाली. युद्ध संपल्यावर चँगच्या सरकारनं त्याच नोटांचा भाव ठरवला: दोनशेला एक. ताब्यातल्या मुलखात राहिलेल्या शिंप्या-न्हाव्याची पुंजी गेली. त्यानं कुणाला मिळायचं ठरवलं होतं? त्याला फक्त दुकान उघडायचं होतं.

विंगेतून

शिंपी! शेजारीण शिंप्याची बायको. 'बाटलेली' तीच म्हणेल, आणि १९४५ मध्ये तिच्याच हातात नोटांचं गाठोडं.

पंतांचा_वाडा

'मिळणे'चं काय झालं? माझी बाजू अजून कायम आहे.

अर्धविराम

पहिलीच पोस्ट माझी, चुकलं तर सांभाळून घ्या. पंतांचा शब्द वाचून एक सुचलं. चौकशीच्या प्रवेशात, म्हणजे १९५५ मध्ये, अधिकारी तिला शिवी देणारच नाही. तो फक्त विचारेल: 'ली तुम्हाला मिळाला होता, की तुम्ही लीला मिळाला होतात?'

तिसरी_घंटा

अर्धविराम, पहिली पोस्ट? कुठं होतात इतके दिवस?

विंगेतून

अर्धविराम, मला पाणी प्यायला उठावं लागलं.

पान हान-न्येनच्या प्रकरणाचा गाभाही हाच होता. लीनं १९४३ मध्ये त्याला नानकिंगला नेऊन वांगसमोर उभं केलं. ती भेट त्यानं पक्षापासून लपवली, १९५५ च्या एप्रिलमध्ये स्वतःहून सांगितली आणि लगेच अटक झाली. तो १९७७ मध्ये वारला, निर्दोष ठरला १९८२ मध्ये. आणि ली? त्याला तर सप्टेंबर १९४३ मध्येच जपान्यांनी जेवणातून विष घातलं. कोण कुणाला मिळालं होतं हे सांगायला एकही साक्षीदार शिल्लक नाही.

म्हणजे असं करते. रस्त्यावरचे लोक: 'जपान्यांना मिळालेली.' शिंपीण: 'बाटलेली', एकदाच. जुनी मैत्रीण फक्त 'मिळालीस?' म्हणते आणि उत्तराची वाट न बघता जाते. अधिकाऱ्याला अर्धविराम यांचं वाक्य. 'हानच्येन' हा मूळ शब्द फक्त मागच्या भिंतीवर, चिनीत लिहिलेला. त्याचा अर्थ कुणी सांगणार नाही.

त्या वाक्यावर ग्वान लूनं काय उत्तर द्यायचं ते अजून सुचलेलं नाही. अटीप्रमाणे ती गप्प राहते का? पण अट घालणाराच आत आहे, मग अट उरली का? यावर कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा.

चित्रलिपी, भिंतीसाठी ती दोन अक्षरं नेपथ्यवाल्या मुलाला मोठी काढून द्याल का? तो इंटरनेटवरून उतरवतोय आणि मला त्याचा अजिबात भरवसा नाही. विपु (विचारपुशीत निरोप) करते.